पीडीएस ४५६ चा वारा: क्ष-किरण वर्णपटाच्या कामाच्या नोंदी

पीडीएस ४५६ हा ०.१८४ ताम्रसृतीवरचा क्वेसार, म्हणजे मोठ्या कृष्णविवराभोवतीच्या वायूमुळे झळाळणारं दीर्घिकेचं केंद्र. (ताम्रसृती म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची ऊर्जा किती घटते त्याचं माप; इथे १.१८४ पट.) १९९७ साली ब्राझीलमधल्या पिको दोस दियास सर्वेक्षणातून तो उजेडात आला. एकूण दीप्ती सेकंदाला सुमारे १०^४७ अर्ग, म्हणजे आपल्या आसपासच्या विश्वातल्या सर्वांत तेजस्वी क्वेसारांपैकी एक. त्याच्या कृष्णविवराजवळून वायू प्रकाशाच्या साधारण पाव वेगाने बाहेर फेकला जातो. हा वायू वाटेत जे क्ष-किरण गिळतो ते वर्णपटात दरीसारखे दिसतात आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. मला त्याच वायूने परत सोडलेले क्ष-किरणही मोजायचे होते. शोषणातून फक्त आपल्या दृष्टिरेषेवरचा वायू कळतो. वारा कृष्णविवराभोवती किती दिशांना पसरलाय हे उत्सर्जन सांगतं, आणि ते हाती नसेल तर वारा किती वस्तुमान वाहून नेतो याचा आकडा नुसता अंदाज राहतो.

डेटा सगळ्यांना खुला आहे, सॉफ्टवेअर मोफत आहे. खर्च होतात ते वेळ, डिस्कवरची जागा आणि प्रोसेसरचे तास. हेच काम करू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी.

३ जून

निरीक्षणं ठरवली. ऑगस्ट-सप्टेंबर २०१३ मधली चार आणि फेब्रुवारी २०१४ मधलं पाचवं. या पाचही वेळी एक्सएमएम-न्यूटन आणि नूस्टार या दोन्ही दुर्बिणी एकदमच या क्वेसारकडे रोखलेल्या होत्या. एक्सएमएमच्या ईपिक-पीएन कॅमेऱ्याचा उपयोग साधारण १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक, पुढे केईव्ही), तर नूस्टार ३ ते ७९ केईव्ही पाहते.

अर्काइव्हमध्ये तयार वर्णपटही मिळतात. ते घेतले नाहीत. त्यातली पार्श्वभूमीची जागा यंत्राने आपोआप निवडलेली असते आणि कॅलिब्रेशन त्या वेळचं असतं. कच्च्या फाइल्स (ओडीएफ) घेऊन एसएएस या एक्सएमएमच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं नव्याने चालवायचं ठरवलं. पाच निरीक्षणं, त्यांच्या इव्हेंट फाइल्स (टिपलेल्या एकेका फोटॉनची नोंद) आणि कॅलिब्रेशनचा पूर्ण संच मिळून डिस्क भराभर भरते. बाहेरची वेगळी डिस्क आधीच लावून घ्या.

५ जून

दुसऱ्या आणि तिसऱ्या निरीक्षणाचे वर्णपट शेवटच्या काउंटपर्यंत सारखे आले. दोन वेगळ्या दिवशीचं आकाश इतकं सारखं असूच शकत नाही. कारण साधं निघालं: टर्मिनल तोच राहिला होता आणि त्यात एसएएस-ओडीएफचा, म्हणजे कच्च्या फाइल्सचा, पत्ता आधीच्या निरीक्षणाचाच होता. ईपीप्रॉक हा पीएनचा डेटा तयार करणारा आदेश त्याच फाइल्स पुन्हा निमूटपणे वाचत राहिला, कुठे इशारा नाही की चूक नाही.

उपाय: प्रत्येक निरीक्षणाला स्वतंत्र फोल्डर, त्यात स्वतंत्र छोटी स्क्रिप्ट, आणि ती प्रथम सिफबिल्ड, मग ओडीएफइंजेस्ट चालवून कॅलिब्रेशनचा आणि कच्च्या फाइल्सचा असे दोन्ही पत्ते नव्याने बसवते. शिवाय प्रत्येक इव्हेंट फाइलच्या हेडरमधला निरीक्षण क्रमांक छापून फोल्डरच्या नावाशी ताडून पाहते. हे ताडून पाहणं कटाक्षाने करावं.

८ जून

प्रोटॉनांच्या लाटा काढणं. पृथ्वीभोवतीच्या लंबवर्तुळाकार कक्षेत एक्सएमएमवर कमी ऊर्जेच्या प्रोटॉनांचा मारा होतो आणि पार्श्वभूमी अचानक उसळते. रूढ पद्धत अशी: १० ते १२ केईव्हीमधले एका पिक्सेलचे इव्हेंट घ्यायचे, त्यांचा वेळेनुसार आलेख काढायचा आणि सेकंदाला ०.४ काउंटच्या वर गेलेला वेळ टाकून द्यायचा.

या कामाला ०.४ पुरत नाही. मला हवी असलेली दरी ७ केईव्हीच्या वर आहे. तिथे क्वेसारचेच फोटॉन मोजके, त्यामुळे लाटेचं छोटं शेपूटही जड पडतं. प्रत्येक निरीक्षणाच्या शांत काळाचा हिस्टोग्राम काढून मर्यादा त्याप्रमाणे खाली आणली. उपयोगी वेळ थोडा गेला, पण ८ केईव्हीच्या वरचे बिंदू स्थिर झाले. स्रोताभोवतीचं वर्तुळही ईरीजनअ‍ॅनालाइजने सुचवल्याप्रमाणे लहान केलं. तेजस्वी स्रोतासाठी मोठं वर्तुळ चालतं, इथे ते नुसती पार्श्वभूमी गोळा करतं.

११ जून

पहिला खरा वर्णपट. पीएन, पॅटर्न ४ पर्यंत, फ्लॅग शून्य (म्हणजे फक्त खात्रीचे इव्हेंट). साधा पॉवर-लॉ (ऊर्जेबरोबर ठरावीक उताराने घटणारा वक्र) बसवून डेटाचं त्याच्याशी गुणोत्तर काढलं आणि ७ केईव्हीच्या वर दोन दऱ्या दिसल्या. एक रुंद, ७.६ केईव्हीजवळ. दुसरी अरुंद आणि टोकदार, ८.०४ केईव्हीजवळ.

गणित मोहात पाडणारं आहे. ७.६ ला १.१८४ ने गुणलं की क्वेसारच्या चौकटीत ९.० केईव्ही येतात. एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या लोखंडाची रेषा ६.९७ केईव्हीला असते, म्हणजे वेग प्रकाशाच्या ०.२५ पट. ८.०४ चे होतात ९.५२ केईव्ही, वेग ०.३० पट. दोन वेगांचे दोन झोत! या क्वेसारमध्ये एकाहून अधिक वेगांचे घटक असल्याचं सुझाकू या जपानी दुर्बिणीच्या आधीच्या निरीक्षणांतूनही मांडलं गेलंय, त्यामुळे विश्वास ठेवायला सोपं.

पण ८.०४ हा आकडा तांब्याचा आहे. तांब्याची के-अल्फा रेषा नेमकी तिथेच असते, आणि पीएनच्या मागच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये तांबं आहे. त्यातच दुसरी दरी कॅमेऱ्याच्या विभेदनक्षमतेइतकीच अरुंद, म्हणजे क्वेसारच्या रुंद रेषेशी तिचं कुठलंच साम्य नाही.

१२ जून

आज संपूर्ण दिवस एकाच चित्रावर. पीएनचे ७.८ ते ८.२ केईव्हीमधलेच इव्हेंट घेतले, मोठ्या पिक्सेलमध्ये गोळा केले आणि जरा गुळगुळीत केले. मधोमध काळसर गोल, भोवती सगळीकडे उजळ भाग. हे आकाश नव्हे, कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या सर्किट बोर्डची ही सावली आहे. बोर्डला मध्यभागी मोठं भोक आहे, म्हणून मध्यावर तांब्याची चमक जवळजवळ नाही आणि कडेला भरपूर.

क्वेसार मध्याजवळ, भोकाच्या आत. मी पार्श्वभूमीचं वर्तुळ दूरच्या चिपवर घेतलं होतं, कारण तिथे दुसरे तारे नव्हते आणि जागा मोठी होती. ते वर्तुळ उजळ भागात पडलं. वजाबाकीत स्रोताखाली नसलेलं तांबं वजा झालं आणि शोषणाची खोटी रेषा तयार झाली. ७.४७ केईव्हीला निकेलची आणि ८.६३ ला जस्ताची अशीच लहान खोड दिसते. निकेलची ही जागा माझ्या खऱ्या दरीच्या उतारावर येते, त्यामुळे दरीचा आकारही थोडा बिघडत होता.

पार्श्वभूमी आता स्रोताच्याच चिपवर, भोकाच्या हद्दीत, दोन लहान चौकटींतून घेतली. ८.०४ ची दरी गेली. ७.६ ची राहिली, उलट आकार जास्त नेटका झाला. खात्रीसाठी एक्सएमएमवरच्याच दोन मॉस कॅमेऱ्यांचे वर्णपट काढले. त्यांत तांब्याची ही अडचण नसते. ८ केईव्हीच्या वर मॉसचं प्रभावी क्षेत्रफळ झपाट्याने उतरतं, तरी ७.६ ची घसरण दोन्हींत दिसते.

वेगवान वाऱ्याची रेषा ८ केईव्हीच्या आसपास निघाली असेल तर आधी हे चित्र काढा. एक-दोन तासांचं काम आहे आणि पुढचे आठवडे वाचतात.

१६ जून

आपल्याच आकाशगंगेचं शोषण. पीडीएस ४५६ आकाशगंगेच्या प्रतलाजवळ दिसतो, त्यामुळे वाटेत हायड्रोजन बराच आहे, चौरस सेंटिमीटरला सुमारे २ × १०^२१ अणू. टीबीअ‍ॅब्स मॉडेल लावलं आणि ०.५ ते १ केईव्हीचा भाग काही केल्या जुळेना.

एक्सस्पेक हे मॉडेल जुळवण्याचं सॉफ्टवेअर उघडल्यावर मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा जुना तक्ता आपसूक लागू असतो. त्यात हायड्रोजनच्या तुलनेत ऑक्सिजन ८.५१ × १०^-४ आहे. टीबीअ‍ॅब्ससोबत वापरायच्या विल्म्स यांच्या तक्त्यात तो ४.९० × १०^-४. या पट्ट्यात हायड्रोजन स्वतः फारसं शोषत नाही, ऑक्सिजनच शोषतो. तक्ता बदलला की हायड्रोजनचा आकडा लगेच वर चढतो. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत तक्ता आणि शोषणछेद (एक अणू किती शोषतो त्याचं माप) दोन्ही लिहून टाकले.

०.७१ केईव्हीजवळची लोखंडाची एल-कडा आणि ०.८७ ची निऑनची के-कडाही आकाशगंगेतल्या वायूचीच. त्यांना क्वेसारच्या वाऱ्याचं नाव देऊ नका.

१९ जून

वेग काढण्याची रीत इथे एकदाच लिहून ठेवते, कारण वेगवेगळ्या फाइल्समध्ये वेगवेगळी चौकट धरली की सगळा गोंधळ होतो.

दिसलेली ऊर्जा गुणिले १.१८४, ही क्वेसारच्या चौकटीतली ऊर्जा. तिला प्रयोगशाळेतल्या ऊर्जेने भागायचं. हे गुणोत्तर म्हणजे (१ + β) भागिले (१ − β) याचं वर्गमूळ; β म्हणजे वेग प्रकाशवेगाच्या किती पट. ९.० भागिले ६.९७ म्हणजे १.२९१, म्हणून β = ०.२५. ताम्रसृतीने गुणायचं राहून गेलं तर ०.०८६ येतो, सापेक्षतेचं सूत्र न वापरता नुसतं टक्केवारीवर गेलं तर ०.२९. तिन्ही आकडे दिसायला सारखेच विश्वासार्ह असतात, म्हणून फक्त उत्तर लिहू नये, दोन्ही चौकटींतल्या ऊर्जा सोबत लिहाव्यात.

रेषा कोणत्या आयनाची हा प्रश्न वेगळाच. दोन इलेक्ट्रॉन उरलेल्या लोखंडाची रेषा ६.७० केईव्हीला असते. तीच दरी तिची मानली तर वेग ०.२९ होतो. एकट्या दरीवरून हे ठरत नाही. आयनीभवनाचं पूर्ण मॉडेल लावावं लागतं, आणि पुढचे दिवस त्यातच गेले.

एक्सस्पेकमध्ये शोषकाची ताम्रसृती ऋण भरावी लागते: १.१८४ गुणिले ०.७७४६ वजा १, म्हणजे −०.०८३. शून्याच्या अलीकडे फिट (मॉडेल वर्णपटाशी जुळवणं) आपणहून जात नाही. खालची मर्यादा हाताने −०.२ वगैरे करून ठेवा.

२३ जून

झेडएक्सआयपीसीएफ हे तयार मॉडेल लावलं. फिट लगेच जमलं आणि स्तंभघनता (दृष्टिरेषेवर चौरस सेंटिमीटरला किती अणू) वरच्या मर्यादेला, ५ × १०^२४ ला, जाऊन चिकटली. इतक्या जाड वायूत थॉमसन विखुरण (इलेक्ट्रॉनांवर आपटून प्रकाशाचं पसरणं) एकाहून बरंच मोठं होतं आणि या मॉडेलमध्ये विखुरण धरलेलंच नाही. म्हणजे उत्तराला अर्थ नाही.

कारण मॉडेलच्या पोटात आहे. त्याचा तक्ता २०० किलोमीटर प्रतिसेकंद एवढ्या खळबळीसाठी (वायूतल्या आतल्या सैरावैरा वेगासाठी) काढलेला आहे. ९ केईव्हीला ही रुंदी जेमतेम ६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. इतकी अरुंद रेषा लवकर संपृक्त होते, म्हणजे आणखी खोल होत नाही; मग दरी मोठी करायला फिटकडे वायू वाढवत नेण्यावाचून मार्ग उरत नाही. पीडीएस ४५६ ची दरी शेकडो इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद आहे. शिवाय तक्ता २.२ उताराच्या पॉवर-लॉवर बेतलेला आहे, आणि या क्वेसारचा खरा प्रकाश तसा नाही. अतिनील खूप, त्या मानाने क्ष-किरण कमी.

मऊ (कमी ऊर्जेच्या) पट्ट्यातल्या अर्धवट झाकणाऱ्या वायूसाठी मात्र हे मॉडेल मला चाललं. लोखंडाच्या दरीसाठी स्वतःचा तक्ता बनवल्याशिवाय गत्यंतर नाही.

२६ जून ते ८ जुलै

एक्सस्टार, म्हणजे प्रकाशात न्हालेल्या वायूचं आयनीभवन काढणारा प्रोग्राम. खळबळ १०,००० किलोमीटर प्रतिसेकंद, स्तंभघनतेच्या ८ पायऱ्या, आयनीभवनाच्या १० पायऱ्या, म्हणजे ८० वेगवेगळी गणितं. एक्सस्टार२एक्सस्पेक ती एकामागून एक चालवतो. जाड आणि कमी आयनित टोकाची गणितं तासन् तास चालतात, अति आयनित टोकाची पटकन उरकतात. सगळं एका प्रोसेसरवर ठेवलं तर आठवडा सहज जातो. अनेक प्रोसेसरवर वाटून देणारं एमपीआय-एक्सस्टार बसवल्यावर गाडी रुळावर आली.

पहिला संपूर्ण तक्ता टाकून द्यावा लागला. त्यात साधा पॉवर-लॉ दिला होता. तो अतिनीलापर्यंत मागे ताणला की तिथला प्रकाश खऱ्यापेक्षा फार वेगळा येतो, आणि एक्सस्टारमध्ये आयनीभवनाचा आकडा (ξ) १ ते १००० रिडबर्गमधल्या (१ रिडबर्ग म्हणजे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट) एकूण दीप्तीवरून ठरतो. परिणामी त्याच ξ ला लोखंडाची अवस्था वेगळी पडते. त्यानंतर एक्सएमएमच्या स्वतःच्या ऑप्टिकल मॉनिटरच्या मापांवरून अतिनीलाचा बिंदू घेतला, क्ष-किरणांशी तुटक रेषेने जोडला आणि ती फाइल एक्सस्टारला दिली. ऑप्टिकल मॉनिटरची मापं आकाशगंगेतल्या धुळीसाठी दुरुस्त करायला लागतात. इथे धूळ भरपूर आहे, दृश्य प्रकाश सुमारे दीड प्रतीने (मॅग्निट्यूडने) मंदावतो.

नव्या तक्त्याने स्तंभघनता ६ × १०^२३ च्या आसपास आणि ξ चा लॉग ६ च्या आसपास स्थिरावला. वेग ०.२५. या अवस्थेत लोखंडाचा मोठा वाटा एका इलेक्ट्रॉनचा, म्हणून ६.९७ ची ओळख टिकली.

१ जुलै

मधल्या काळात नूस्टार. ही जोड कशासाठी? १० केईव्हीला वर्णपट संपला की ७ ते ९ मधली घसरण दरी आहे की उतार, ते कळत नाही. चकतीवरून परावर्तित झालेल्या, सापेक्षतेने फासटलेल्या लोखंडाच्या रेषेची निळी कडाही ७ केईव्हीजवळ अशीच खाली येते. दरी असेल तर पुढे वर्णपट परत वर यायला हवा. नूस्टारमध्ये तो १० केईव्हीच्या पुढे वर येतो. विभेदन तिथे सुमारे ४०० इलेक्ट्रॉनव्होल्ट, रेषेचा तपशील कळणार नाही, पण दरीचा पलीकडचा काठ दिसला आणि माझी शंका फिटली.

दोन दुर्बिणींची पट्टी तंतोतंत जुळत नाही. एसएएसच्या नव्या आवृत्त्यांत प्रभावी क्षेत्रफळ काढणाऱ्या एआरएफजेनला पीएनचं क्षेत्रफळ नूस्टारशी जुळवून घेण्याचा पर्याय आहे. तो चालू केला, तरी दोघींमधला गुणक मोकळा सोडला. तो काही टक्क्यांतच राहिला. १० टक्क्यांच्या बाहेर गेला असता तर मागे जाऊन वेळेचे तुकडे तपासायचे ठरवलं होतं, कारण क्वेसार बदलतो आणि दोन्हींचा वेळ नेमका एकच हवा.

१२ जुलै

रेषा खरी असण्याची शक्यता किती? जास्तीच्या घटकाने फिट खरंच सुधारतो का हे पाहणारी एफ-चाचणी इथे लागू पडत नाही, हे प्रोतासोव आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्येच दाखवलंय. रेषेची ताकद शून्य ही मॉडेलच्या हद्दीची कडा आहे. शिवाय मी ५ ते १० केईव्हीमध्ये सगळीकडे शोधलं, म्हणजे कुठेतरी योगायोगाने खड्डा पडण्याची संधीही तितकीच वाढली.

रेषा नसलेल्या मॉडेलवरून हजार खोटे वर्णपट बनवले, प्रत्येकात त्याच पट्ट्यात, त्याच पायऱ्यांनी रेषा शोधली आणि सर्वांत मोठी सुधारणा नोंदवली. स्क्रिप्ट रात्रभर चालते. एक अडचण: खोट्या वर्णपटाचा फिट स्थानिक खळग्यात अडकला तर सुधारणा कृत्रिमपणे मोठी दिसते. प्रत्येक वेळी आधी रेषेविना फिट नव्याने, दोन वेगळ्या सुरुवातींपासून करावा. पीडीएसची दरी हजारांतल्या कुठल्याही खड्ड्यापेक्षा खोल निघाली. हजारांतून ९९.९ टक्क्यांपुढचं काही सांगता येत नाही. त्यासाठी पुष्कळ जास्त वर्णपट लागतात आणि ते केले नाहीत, कारण पाचही निरीक्षणांत दरी त्याच सुमारास येते.

१७ जुलै

आता उत्सर्जन. याच दिवसासाठी सगळा घाट घातला होता.

दरी बसवल्यावर क्वेसारच्या चौकटीत ७ केईव्हीजवळ एक रुंद उंचवटा उरतो, जवळपास दरीइतकाच रुंद. गोलाकार पसरणाऱ्या वाऱ्यात असंच व्हायला हवं. आपल्या समोरचा वायू शोषतो, म्हणून ती छाया निळ्या बाजूला सरकते. बाजूचा, मागचा, पुढचा असा सगळा वायू तोच प्रकाश सर्व दिशांना परत सोडतो, काही आपल्याकडे येणारा, काही दूर जाणारा, म्हणून उंचवटा मूळ ऊर्जेच्या दोन्ही बाजूंना पसरतो. ताऱ्यांच्या वाऱ्यांतली ही पी-सिग्नी आकृती क्वेसारच्या क्ष-किरणांत २०१५ साली इमानुएले नार्दिनी आणि सहकाऱ्यांनी याच डेटातून दाखवली. स्वतःच्या स्क्रीनवर ती उमटताना पाहणं ही वेगळीच गोष्ट आहे.

पहिल्या फिटमध्ये उंचवट्याची ताकद वाट्टेल तशी येत होती. कारण ६.४ केईव्हीची थंड लोखंडाची रेषा. ती वाऱ्याची नसून दूरवरच्या वायूची असू शकते आणि रुंद उंचवट्याच्या लाल पायथ्याशी मिसळते. दोन्ही मोकळ्या सोडल्या तर एकमेकींचे फोटॉन ओढतात. पाचही निरीक्षणं एकत्र बसवली आणि ६.४ ची रेषा पाचांतही समान धरली. दूरच्या वायूला सहा महिन्यांत बदलायला वेळच नसतो. वाऱ्याचा उंचवटा मात्र प्रत्येकात मोकळा. तेव्हा कुठे तो स्थिर झाला.

मग उंचवट्यासाठी लावलेला घंटाकृती वक्र (गॉसियन) काढून टाकला आणि एक्सस्टारच्याच उत्सर्जनाच्या तक्त्याने तो भाग बसवला. एक्सस्टार२एक्सस्पेक शोषणाचा आणि उत्सर्जनाचा तक्ता एकाच गणितातून देतो. स्तंभघनता आणि आयनीभवन दोन्हींत बांधून ठेवलं, म्हणजे उरतो एकच मोकळा आकडा, उत्सर्जनाचा गुणक. हा गुणक बरोबर f गुणिले L भागिले D वर्ग असतो. L म्हणजे आयनकारक दीप्ती १०^३८ अर्गच्या एककात, D अंतर किलोपार्सेकमध्ये, f म्हणजे कृष्णविवराभोवतीच्या आकाशाचा वाऱ्याने झाकलेला हिस्सा. इथे L = ५ × १०^८ आणि अंतर सुमारे ८९० मेगापार्सेक, म्हणजे ८.९ × १०^५ किलोपार्सेक. पूर्ण गोल झाकला तर गुणक ६.३ × १०^-४ यायला हवा. मोजलेला गुणक त्याने भागला की f. मेगापार्सेक तसेच ठेवले तर उत्तर दहा लाखपट चुकतं, हे एककाचं वाक्य भिंतीवर लावण्यासारखं आहे.

f अर्ध्याहून जास्त येतो. प्रकाशित निष्कर्षही तोच, वारा किमान अर्ध्या आकाशात पसरलेला. अनिश्चितता मोठी आहे, आणि तिचा मोठा भाग L मधून येतो. वायूला दिसणारी दीप्ती आणि आपल्याला दिसणारी दीप्ती एकच, हे गृहीतक मी धरलंय.

२२ जुलै

आरजीएस, म्हणजे एक्सएमएमवरचा जाळीचा वर्णपटमापक, थोडक्यात. मऊ क्ष-किरणांचा हा बारीक विभेदनाचा वर्णपट, पण आकाशगंगेचं शोषण इतकं की फोटॉन कमी उरतात. आरजीएस-२ ची एक चिप मोहिमेच्या सुरुवातीलाच बंद पडली, तिथे २० ते २४ अँगस्ट्रॉमला भोक आहे. आरजीएस-१ मध्ये १०.५ ते १४ ला. दोन्ही जोडताना ही भोकं नीट हाताळली नाहीत तर खोट्या कडा उमटतात. बारीक पट्ट्यांत काहीच दिसलं नाही. पट्टे जाड केल्यावर १ केईव्हीजवळ रुंद घसरणीची शक्यता वाटते. २०१६ मध्ये जेम्स रीव्हज आणि सहकाऱ्यांनी या क्वेसारमध्ये मऊ पट्ट्यातली अशी रुंद शोषणं दाखवलेली आहेत. माझ्या फिटमध्ये ती अर्धवट झाकणाऱ्या वायूच्या मॉडेलवर फार अवलंबून आहेत, म्हणून आकडे देत नाही.

२५ जुलै

वस्तुमानाचा हिशेब. वाऱ्याचा घनकोन (तो किती दिशांत पसरलाय; पूर्ण गोल म्हणजे ४π), स्तंभघनता, प्रोटॉनचं वस्तुमान, वेग आणि अंतर यांचा गुणाकार. घनकोन उत्सर्जनाने दिला, स्तंभघनता व वेग शोषणाने. अडतं ते कृष्णविवरापासूनचं अंतर.

खालची मर्यादा: या वेगाने वायू सुटून जायचा तर तो किमान ३२ गुरुत्वीय त्रिज्यांवर हवा (कृष्णविवराच्या वस्तुमानावरून ठरणारं अंतराचं एकक). कृष्णविवर १०^९ सूर्यांचं धरलं तर ४.७ × १०^१५ सेंटिमीटर. वरची मर्यादा: थराची जाडी अंतराहून मोठी असू शकत नाही, म्हणून L भागिले (ξ गुणिले स्तंभघनता), सुमारे ८ × १०^१६ सेंटिमीटर. घनकोन २π घेतला तर वर्षाला ३.५ ते ६० सूर्यांइतकं वस्तुमान. वरचं टोक पटत नाही, कारण १० टक्के कार्यक्षमतेने १०^४७ अर्ग दीप्ती द्यायला कृष्णविवर वर्षाला १८ सूर्यांच्या आसपासच खातं, आणि त्या टोकाला वाऱ्याची ऊर्जा संपूर्ण क्वेसारच्या दीप्तीइतकी होते. शे-दीडशे त्रिज्यांवर, जिथे निरीक्षणांमधले बदल वायूला ठेवतात, वर्षाला १० सूर्यांच्या वर आणि दीप्तीच्या सुमारे २० ते ३० टक्के ऊर्जा येते. यजमान दीर्घिकेतला वायू ढकलून द्यायला ०.५ ते ५ टक्के पुरेत असं सिद्धान्त मांडणारे सांगतात.

२९ जुलै

क्रिझमच्या निकालाशी ताळा. सप्टेंबर २०२३ मध्ये सोडलेल्या या दुर्बिणीच्या रिझॉल्व्ह उपकरणाचं विभेदन सुमारे ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, पीएनच्या तीसपट बारीक. मार्च २०२४ मध्ये तिने पीडीएस ४५६ पाहिला आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात ती एक रुंद दरी पाच वेगळ्या घटकांत फुटली, वेग प्रकाशाच्या २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान. वारा गुठळ्यांचा आहे.

याचा माझ्या तक्त्यावर थेट परिणाम होतो. १०,००० किलोमीटर प्रतिसेकंदाची खळबळ वायूच्या आतली खरी खळबळ नव्हे. पाच वेगांची बेरीज एका रुंद रेषेसारखी दिसते, तिला झाकायला मी तो आकडा वापरला. प्रत्येक गुठळीतल्या रेषा अरुंद असतील तर त्या लवकर संपृक्त होतील आणि तेवढीच दरी पाडायला लागणारा वायू वेगळा निघेल. उत्सर्जनाच्या f मध्येही हा बदल उतरेल, कारण दोन्ही तक्ते बांधलेले आहेत.

कमी खळबळीचा नवा तक्ता चालवायला घेतला आहे, १,००० किलोमीटर प्रतिसेकंदाचा. तोच तक्ता पाच वेळा, पाच वेगवेगळ्या ताम्रसृत्यांवर लावायचा आणि वेग क्रिझमच्या पट्ट्यात मर्यादित ठेवायचे. पीएनला हे पाच घटक सुटे दिसणार नाहीत, पण स्तंभघनतांची बेरीज किती सरकते ते तपासता येईल. जाड टोकाची गणितं अजून चालू आहेत.